अभिजात स्पोर्ट्स मोटार, महामार्ग आणि इंजिनाचे फेरे : एमजीबी मोटारीच्या गिअर-गुणोत्तरांचे विवेचन

सारांश

विसाव्या शतकाच्या मध्यातील अनेक ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींची इंजिने आजच्या महामार्गावरील वेगात फार जलद फिरतात. परिणामी आवाज, झीज व इंधनखर्च वाढतो आणि वाहन सुस्थितीत असूनही त्याचा वापर टाळला जातो. गिअरची गुणोत्तरे बदलून हे फेरे कमी करता येतात. मात्र या बदलाची किंमत मोटारीच्या चढ चढण्याच्या व वेग घेण्याच्या क्षमतेत मोजावी लागते. प्रस्तुत लेखात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या मोटारीचे उदाहरण घेऊन फेऱ्यांचे गणित, ते कमी करण्याचे मार्ग व त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. सर्व गिअर एकदम 'उंच' करण्यापेक्षा असलेल्या गिअरांच्या वर एक जादा पायरी बसविणे अधिक युक्त ठरते, असा निष्कर्ष यातून निघतो.

बीजसंज्ञा : गिअर-गुणोत्तर, ओव्हरड्राइव्ह, अंतिम गुणोत्तर, टॉर्क, यांत्रिक वारसा.

प्रस्तावना

यंत्र हे ज्या काळात घडते त्या काळाच्या गरजांचा ठसा घेऊन जन्माला येते. काळ पुढे सरकतो, रस्ते बदलतात, वेगाच्या कल्पना बदलतात. यंत्र मात्र जसे घडले तसेच राहते. जुन्या मोटारींच्या बाबतीत हा विसंवाद विशेष तीव्रतेने जाणवतो. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर आनंद देणारी मोटार सरळ, रुंद द्रुतगती मार्गावर आली की तिचे इंजिन सतत ओरडत राहते. चालकाचा हात नकळत पुढच्या गिअरसाठी दांड्याकडे जातो, पण पुढचा गिअरच नसतो. हा अनुभव जुनी मोटार चालविणाऱ्या बहुतेकांना परिचित आहे.

अशा वेळी मालकापुढे दोन पर्याय उरतात. एक म्हणजे मोटार गॅरेजमध्ये झाकून ठेवणे आणि दुसरा म्हणजे तिच्या यंत्ररचनेत बदल करणे. पहिल्या पर्यायात मोटार टिकते, पण तिचे चालणे थांबते. दुसऱ्या पर्यायात ती चालत राहते, पण बदल अविचाराने केल्यास तिचा मूळ स्वभावच हरवतो. म्हणून बदल करण्यापूर्वी त्यामागील विज्ञान समजून घेणे आवश्यक ठरते. हा विषय यंत्रशास्त्राचा असला तरी त्याचे गणित शालेय पातळीवरील गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे फारसे जात नाही. त्यामुळे अन्य विद्याशाखांतील अध्यापकांनाही तो सहज आकलन होऊ शकेल.

मोटारीची व काळाची पार्श्वभूमी

एमजी हे नाव ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या व्यवसायाच्या आद्याक्षरांवरून आले. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९५५ पासून एमजीए व १९६२ पासून एमजीबी ही मोटार तयार होऊ लागली. एमजीबीचे उत्पादन १९८० मध्ये थांबले. तोपर्यंत उघड्या टपाची व बंद टपाची अशा दोन्ही प्रकारांत मिळून पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या होत्या. त्यांतील मोठा वाटा अमेरिकेत विकला गेला.

या मोटारीचे इंजिन चार सिलिंडरचे व १७९८ घनसेंमी क्षमतेचे होते. सिलिंडरचा व्यास ८०.२६ मिमी, तर पिस्टनची धाव ८८.९ मिमी होती. सुरुवातीच्या काळात ते ५४०० फेऱ्यांना सुमारे ९५ अश्वशक्ती आणि ३००० फेऱ्यांना सुमारे १४९ न्यूटन-मीटर एवढा टॉर्क देत असे. हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-मालिके'तील होते. याच मालिकेतील १४८९ घनसेंमीचे इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अँबेसडरमध्ये दीर्घकाळ वापरले गेले. म्हणजे ज्या इंजिनाचा आवाज भारतीय रस्त्यांवर दोन पिढ्यांनी ऐकला, त्याचेच थोरले भावंड एमजीबीत होते. भारतीय वाचकाला ही मोटार वाटते तितकी परकी नाही, ती या नात्यामुळे.

एमजीबीच्या मूळ गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याचे चार गिअर होते. चौथ्या गिअरचे गुणोत्तर १.०० होते, म्हणजे त्या गिअरमध्ये गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा इंजिनाइतकेच फेरे घेत असे. पुढे मागील ॲक्सलमधील ११ दातांची पिनियन ४३ दातांच्या क्राउन व्हीलला फिरवीत असल्याने तेथे ३.९०९ : १ असे अंतिम गुणोत्तर मिळे. इंजिनाच्या ३.९०९ फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा, असा याचा अर्थ होतो.

हे गुणोत्तर निवडण्यात रचनाकारांची चूक झाली होती, असे म्हणता येणार नाही. ब्रिटनमधील पहिला मोटरवे असलेला प्रेस्टन बाह्यवळण मार्ग १९५८ मध्ये आणि एम-१ चा पहिला टप्पा १९५९ मध्ये खुला झाला. म्हणजे एमजीबीची जडणघडण होत असताना तासन् तास एकाच वेगाने जाण्याचा प्रसंग सामान्य चालकाला क्वचितच येत असे. वळणानंतर चटकन वेग घेणे, पुढचे वाहन ओलांडणे, गिअर न बदलता चढ चढणे या गोष्टींना अधिक महत्त्व होते. त्या रस्त्यांसाठी ती गुणोत्तरे योग्यच होती.

फेऱ्यांचे गणित

मोटारीचा वेग व इंजिनाचे फेरे यांचा संबंध तीन गोष्टींवर अवलंबून असतो : चाकाचा परीघ, अंतिम गुणोत्तर आणि चालू गिअरचे गुणोत्तर. वेगाला चाकाच्या परिघाने भागले की चाकाचे फेरे मिळतात. त्यांना दोन्ही गुणोत्तरांनी गुणले की इंजिनाचे फेरे मिळतात.

एमजीबीच्या १६५ आर १४ या मापाच्या टायरचा भाराखालील परिणामी परीघ १.८९ मीटर धरू. ताशी ११२ किमी (ब्रिटनमधील ताशी ७० मैल ही मर्यादा) वेगाने जाताना मोटार मिनिटाला सुमारे १८६७ मीटर अंतर कापते. या अंतराला १.८९ ने भागल्यास चाकाचे सुमारे ९८८ फेरे येतात. त्यांना ३.९०९ ने गुणले असता इंजिनाचे मिनिटाला सुमारे ३८६० फेरे होतात.

हा आकडा आवाक्याबाहेरचा नाही. इंजिन ५४०० फेऱ्यांना कमाल शक्ती देते, तेव्हा ३८६० फेऱ्यांनी ते मोडणार नाही. परंतु 'सहन होणे' आणि 'सुखाने चालणे' यांत फरक आहे. तीनशे किलोमीटरच्या प्रवासात या गुणोत्तराने इंजिनाचे सुमारे ६ लाख २० हजार फेरे होतात. टपाचे कापड, पातळ पत्रा व मर्यादित ध्वनिरोधन असलेल्या मोटारीत त्या प्रत्येक फेऱ्याचा आवाज प्रवाशांपर्यंत पोचतो.

फेरे कमी केल्याने काय साधते ?

पहिला लाभ यांत्रिक ताणाचा आहे. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो व दोनदा उलट दिशेने वेग घेतो. या वर-खाली होण्यातून निर्माण होणारी जडत्वबले फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. त्यामुळे फेरे १८ टक्क्यांनी कमी केले तर ही बले सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होतात (०.८२ चा वर्ग ०.६७ होतो). पिस्टनची सरासरी गती ३८६० फेऱ्यांना सेकंदाला ११.४ मीटर असते. ती ३१६६ फेऱ्यांना ९.४ मीटरवर येते. कनेक्टिंग रॉड, बेअरिंगा व झडपांची यंत्रणा या सर्वांवरील भार त्यामुळे हलका होतो.

दुसरा लाभ आवाज व कंपन यांचा आहे. तिसरा इंधनाचा आहे. पण त्याविषयी सर्वसाधारणपणे जी समजूत आढळते ती तपासून घेण्यासारखी आहे. फेरे १८ टक्क्यांनी कमी झाले म्हणजे पेट्रोलही १८ टक्के वाचेल, असे गृहीत धरले जाते. वास्तविक हवेचा विरोध व टायरचा रोध यांवर मात करण्यासाठी लागणारे कार्य वेगावर व अंतरावर ठरते, गिअरवर नाही. एखाद्या ओझ्याला शंभर पायऱ्यांनी वर नेले काय किंवा पन्नास उंच पायऱ्यांनी नेले काय, ओझे उचलण्याचे काम तेवढेच राहते. कमी होते ते इंजिनाच्या अंतर्गत घर्षणात आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढून घेण्यात वाया जाणारे कार्य. हे वाया जाणारे कार्य एकूण इंधनखर्चाचा एक भागच असल्याने बचत होते, परंतु ती फेऱ्यांतील घटीपेक्षा कमी असते.

उपलब्ध मार्ग

फेरे कमी करण्याचे मुख्यतः चार मार्ग आहेत.

(अ) टायरचा व्यास वाढविणे : हा सर्वांत सोपा, पण सर्वांत मर्यादित मार्ग होय. चाकाच्या कमानीतील जागा व सुकाणूची हालचाल यांमुळे व्यास दोन-चार टक्क्यांपेक्षा अधिक वाढविता येत नाही. प्रत्यक्षात मालकांकडून अनेकदा याच्या उलट घडते. मोटार देखणी दिसावी म्हणून रुंद व बुटके टायर बसविले जातात. मूळ १६५ आर १४ टायरचा नाममात्र व्यास सुमारे ६२६ मिमी आहे, तर १९५/६० आर १४ चा सुमारे ५९० मिमी आहे. या एका बदलाने इंजिनाचे फेरे सहा टक्क्यांनी वाढतात. म्हणून गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी टायरचे माप पाहणे ही पहिली पायरी असावी.

(आ) अंतिम गुणोत्तर बदलणे : मागील ॲक्सलमधील क्राउन व्हील व पिनियन बदलून हे करता येते. एमजीच्याच कुटुंबात याचा नमुना आहे. १९७३ ते १९७६ या काळात तयार झालेल्या ३५२८ घनसेंमीच्या एमजीबी जीटी व्ही-८ या मोटारीचे अंतिम गुणोत्तर ३.०७ होते. हे गुणोत्तर चार सिलिंडरच्या मोटारीला दिल्यास ताशी ११२ किमी वेगाला इंजिनाचे फेरे ३८६० वरून ३०३२ वर येतात.

(इ) ओव्हरड्राइव्ह बसविणे : कॅप्टन एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या संकल्पनेवर आधारलेली व शेफिल्ड येथील लेकॉक कंपनीने तयार केलेली ही यंत्रणा एमजीबीला १९६३ पासून जादा किंमत देऊन मिळत असे. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली ही एक लहान पेटी असते. तिच्यात मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे आतल्या बाजूस दाते असलेले वलय, अशी रचना असते. सर्वसाधारण स्थितीत शंकूच्या आकाराचा क्लच सूर्यचक्र व वलय यांना एकत्र बांधून ठेवतो. त्यामुळे संपूर्ण मेळ एकसंध फिरतो. चालकाने कळ दाबताच तेलाच्या दाबाने हा क्लच सरकतो व सूर्यचक्राला पेटीच्या स्थिर भागाशी जखडून ठेवतो. मग ग्रहचक्रे स्थिर सूर्याभोवती फिरू लागतात आणि वलयाला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या दांड्याला, आत येणाऱ्या दांड्यापेक्षा अधिक वेगाने फिरवितात. एमजीबीच्या आरंभीच्या 'डी' प्रकारात हे गुणोत्तर ०.८०२, तर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आलेल्या 'एलएच' प्रकारात ०.८२ होते. बहुतेक वर्षांच्या मोटारींत ही सोय तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्येच मिळे. खालच्या गिअरमध्ये टॉर्क फार वाढलेला असल्याने शंकू-क्लचवर अतिरिक्त भार येतो, हे त्याचे कारण होय. ओव्हरड्राइव्ह जोडलेला असताना मोटार मागे घेतल्यास त्यातील एकाच दिशेने फिरणाऱ्या क्लचची हानी होते; म्हणून गिअरबॉक्सवरील रोधक कळ शाबूत असणे महत्त्वाचे असते.

(ई) पाच गिअरचा गिअरबॉक्स बसविणे : १९८२ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड सिएरा या मोटारीत वापरलेला 'टाइप-९' गिअरबॉक्स अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत बसविला गेला आहे. त्याच्या सर्वपरिचित आवृत्तीतील गुणोत्तरे ३.६५, १.९७, १.३७, १.०० व ०.८२ अशी आहेत. पाचव्या गिअरचे गुणोत्तर 'एलएच' ओव्हरड्राइव्हइतकेच असल्याने महामार्गावरील फेरे दोन्ही मार्गांनी सारखेच येतात. मात्र यात पहिल्या व दुसऱ्या गिअरमधील अंतर १.८५ पट आहे, एमजीबीच्या नंतरच्या गिअरबॉक्समध्ये (३.४४ व २.१७) ते सुमारे १.५९ पट होते. त्यामुळे पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना इंजिन अधिक खाली पडल्यासारखे वाटते. शिवाय जोडणीसाठी वेगळे आवरण, बदललेला प्रोपेलर शाफ्ट इत्यादी गोष्टी लागतात.

वरील मार्गांचे आकडे तक्त्यात एकत्र दिले आहेत. परीघ सर्वत्र १.८९ मीटर धरला आहे.

तक्ता : वरच्या गिअरमधील इंजिनाचे मिनिटाला फेरे

| रचना | एकूण गुणोत्तर | १००० फेऱ्यांना वेग (किमी/तास) | १०० किमी/तास | ११२ किमी/तास |
|---|---|---|---|---|
| मूळ ३.९०९ ॲक्सल, चौथा गिअर | ३.९०९ | २९.० | ३४४७ | ३८६१ |
| मूळ ॲक्सल + ओव्हरड्राइव्ह किंवा पाचवा गिअर (०.८२) | ३.२०५ | ३५.४ | २८२७ | ३१६६ |
| ३.०७ ॲक्सल, चौथा गिअर | ३.०७० | ३६.९ | २७०७ | ३०३२ |
| ३.०७ ॲक्सल + ओव्हरड्राइव्ह (०.८२) | २.५१७ | ४५.१ | २२२० | २४८६ |

सारखे फेरे, वेगळे परिणाम

तक्त्यातील दुसरी व तिसरी ओळ पाहता ओव्हरड्राइव्ह बसविणे आणि ॲक्सल बदलणे यांत फारसा फरक नाही, असे वाटण्याचा संभव आहे. महामार्गावर तो खरोखरच नाही. परंतु मोटार महामार्गावर पोचण्यापूर्वी तिला उभ्या स्थितीतून निघावे लागते, आणि खरा फरक तेथे दिसतो.

पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर ३.४४ गुणिले ३.९०९, म्हणजे १३.४५ इतके असते. ओव्हरड्राइव्ह बसविल्यावरही ते १३.४५ च राहते, कारण ओव्हरड्राइव्ह तेव्हा निष्क्रिय असतो. याउलट ३.०७ चा ॲक्सल बसविल्यास ते १०.५६ वर येते. चाकावर मिळणारा जोर २१ टक्क्यांहून अधिक घटतो, आणि ही घट केवळ पहिल्या गिअरपुरती नसून प्रत्येक गिअरमध्ये होते. चढावर मोटार उचलताना क्लच अधिक वेळ घसरवावा लागतो व तो लवकर झिजतो. शहरातील वाहतुकीत वारंवार खालचा गिअर घ्यावा लागतो. थोडक्यात, महामार्गावरील एका तासाच्या शांततेसाठी उरलेल्या सर्व प्रवासात मोटार मंद होते.

शिडीच्या उपमेने हे स्पष्ट करता येईल. ॲक्सल बदलणे म्हणजे शिडीच्या सर्व पायऱ्यांतील अंतर वाढविणे. ओव्हरड्राइव्ह किंवा पाचवा गिअर म्हणजे असलेल्या पायऱ्या तशाच ठेवून वर एक पायरी जोडणे. दोन्ही शिड्यांनी माळ्यावर पोचता येते. परंतु पहिल्या शिडीची पहिलीच पायरी चढताना गुडघ्याला कळ लागते.

राखीव टॉर्कचा प्रश्न

दोन्ही उपाय एकदम केले तर काय होईल, हा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. तक्त्यातील शेवटच्या ओळीतील २४८६ हा आकडा आकर्षक आहे. त्याची परीक्षा एका सोप्या गणिताने घेता येते.

उदाहरणासाठी दोन प्रवाशांसह मोटारीचे वस्तुमान १०५० किलोग्रॅम, टायरच्या रोधाचा गुणांक ०.०१५, हवेच्या विरोधाचे परिणामी क्षेत्र (विरोधगुणांक व समोरचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार) ०.७ चौरस मीटर आणि इंजिनापासून चाकापर्यंतची कार्यक्षमता ९० टक्के धरू. ताशी ११२ किमी वेगाला टायरचा रोध सुमारे १५५ न्यूटन व हवेचा विरोध सुमारे ४०६ न्यूटन, असा एकूण ५६१ न्यूटन विरोध होतो. त्यावर मात करण्यासाठी इंजिनाने सुमारे १९.४ किलोवॅट शक्ती द्यावी लागते.

शक्ती म्हणजे टॉर्क व फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. म्हणून फेरे जितके कमी, तितका तीच शक्ती देण्यासाठी लागणारा टॉर्क अधिक. सपाट रस्त्यावर मूळ रचनेत इंजिनाला ४८ न्यूटन-मीटर, ओव्हरड्राइव्हमध्ये ५८ न्यूटन-मीटर आणि दोन्ही बदल एकत्र केल्यास ७४ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो. इंजिनाचा कमाल टॉर्क १४९ असल्याने येथवर कोणतीच अडचण येत नाही.

आता रस्त्याला शंभर मीटरमागे सहा मीटर चढ आहे, असे समजू. गुरुत्वाकर्षणामुळे आणखी सुमारे ६१८ न्यूटन विरोध येतो आणि लागणारी शक्ती ४०.८ किलोवॅटवर जाते. हाच वेग राखण्यासाठी मूळ रचनेत १०१, ओव्हरड्राइव्हमध्ये १२३ आणि दोन्ही बदल एकत्र असल्यास १५६ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. हा शेवटचा आकडा इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा अधिक आहे. याचा अर्थ थ्रॉटल पूर्ण उघडूनही मोटार वेग राखू शकणार नाही. ओव्हरड्राइव्ह सोडून खाली यावेच लागेल. मंद चढावर, उलट्या वाऱ्यात किंवा सामान भरलेले असतानाही हीच गोष्ट कमी-अधिक प्रमाणात घडेल. जो गिअर वारंवार सोडावा लागतो तो प्रवासाचा गिअर राहत नाही.

व्ही-८ मोटारीला ३.०७ चा ॲक्सल व ओव्हरड्राइव्ह दोन्ही शोभले, याचे कारणही येथेच सापडते. त्या इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे २६० न्यूटन-मीटर होता. तेच गुणोत्तर १४९ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला देणे म्हणजे थोरल्याचा अंगरखा धाकट्याला घालणे होय.

कमी फेऱ्यांना जबरदस्तीने भार ओढायला लावण्याचा आणखी एक तोटा आहे. पूर्ण उघडलेला थ्रॉटल व मंद गतीने फिरणारे इंजिन या स्थितीत सिलिंडरमधील दाब व तापमान दीर्घकाळ उच्च राहते; मिश्रण अकाली व अनियंत्रितपणे पेटून ठोके येऊ लागतात. बेअरिंगांमधील तेलाचा थर टिकण्यासाठीही पुरेसे फेरे आवश्यक असतात. म्हणजे इंजिनाची झीज वाचविण्यासाठी केलेला बदल मर्यादेबाहेर गेल्यास झिजेचेच कारण ठरतो. टॉर्कचा कमाल बिंदू ३००० फेऱ्यांच्या आसपास असलेल्या या इंजिनाला महामार्गावर २८०० ते ३२०० फेऱ्यांत चालविणे हिताचे ठरते. ओव्हरड्राइव्ह नेमका याच पट्ट्यात इंजिनाला आणून ठेवतो.

व्यवहारातील काही बाबी

गुणोत्तर बदलल्यावर वेगदर्शकाकडे दुर्लक्ष करता येत नाही. एमजीबीत वेगदर्शकाची तार गिअरबॉक्सच्या मागील बाजूने फिरते. त्यामुळे ॲक्सलमध्ये झालेला बदल त्याला समजत नाही. ३.९०९ ऐवजी ३.०७ चा ॲक्सल बसविल्यास वेगदर्शक ताशी ८० किमी दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे १०२ किमी असतो. ही बाब केवळ गैरसोयीची नसून धोक्याची आहे. वेगदर्शकाची पुनर्जुळणी हा अशा बदलाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

दुसरी बाब मूळ स्वरूपाच्या जतनाची. जुनी मोटार ही तिच्या काळातील अभियांत्रिकीचा दस्तऐवज असते. ज्या बदलासाठी मूळ सांगाडा कापावा लागतो तो बदल पुन्हा मागे घेता येत नाही. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा आणि शक्यतो पुन्हा पूर्वस्थितीत आणता येईल असाच मार्ग निवडावा. या निकषावर त्याच मोटारीला कारखान्याकडून मिळत असलेला ओव्हरड्राइव्ह सर्वांत वरचा ठरतो, कारण तो त्या मोटारीच्या इतिहासाचाच भाग आहे.

भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली व मोठे फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येतात. अशा वाहनांचा नित्य वा व्यावसायिक वापर करता येत नाही. त्यामुळे येथील मालकाने पाना हाती घेण्यापूर्वी आपली मोटार कोणत्या वर्गात मोडते हे पाहून घेणे इष्ट होय.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. महामार्गावरील इंजिनाचे फेरे हा चाकाचा परीघ, अंतिम गुणोत्तर व गिअर-गुणोत्तर यांचा सरळ गुणाकार-भागाकार असून कोणत्याही बदलाचा परिणाम आधीच मोजता येतो.

२. फेरे सुमारे १८ टक्क्यांनी कमी केल्यास जडत्वबले एक-तृतीयांशाने घटतात. इंधनातील बचत मात्र फेऱ्यांतील घटीपेक्षा कमी असते.

३. ॲक्सल बदलल्याने सर्वच गिअर दुबळे होतात. ओव्हरड्राइव्ह किंवा पाचव्या गिअरने खालचे गिअर समर्थ ठेवता येतात.

४. फेरे किती कमी करावेत याची मर्यादा इंजिनाच्या राखीव टॉर्कने ठरते. चार सिलिंडरच्या एमजीबीला ०.८२ ची एक जादा पायरी पुरेशी आहे. त्यापुढे जाणे हितावह नाही.

एमजीबीच्या रचनाकारांनी आपल्या काळातील रस्त्यांचा अभ्यास करून गुणोत्तरे ठरविली होती. आज तीच मोटार वेगळ्या रस्त्यावर नेताना त्यांच्या निवडीमागील कारणे समजून घेऊन नेमका तेवढाच बदल करणे, हा त्या परिश्रमांचा आदर राखण्याचा मार्ग होय. तीनशे किलोमीटरच्या प्रवासात इंजिनाचे सुमारे एक लाख बारा हजार फेरे वाचतात आणि मोटारीचा स्वभावही शाबूत राहतो. मग ती गॅरेजमधून बाहेर काढण्यास मालकाला एक कारण अधिक मिळते. यंत्राचे जतन त्याच्या चालण्यातच असते, हे लक्षात घेता हा लाभ लहान नाही.